जीवरसायनाकडं वळताना : गणित, केमिस्ट्री आणि हात

मुलांनो, आपल्या लातूर-नांदेडकडं सायन्स घेतलं की नीटचीच तयारी सुरू होते आणि त्यापायी अकरावीतच गणित सुटतं. मेडिकलला त्यानं अडत नाही, बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे जीवरसायनात अडतं. पीएच, म्हणजे द्रव किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, म्हणजे लॉगरिदम; एन्झाइमचा, म्हणजे शरीरातल्या क्रिया वेगानं घडवणाऱ्या प्रथिनाचा वेग म्हणजे समीकरण आणि आलेख. जमत असेल तर गणित ठेवाच.

बीएस्सीला केमिस्ट्री शेवटच्या वर्षापर्यंत सोडू नका. कॉलेजात बायोकेमिस्ट्री हा वेगळा विषय नसला तरी केमिस्ट्रीच्या जोडीला मायक्रोबायॉलॉजी, बॉटनी किंवा झूलॉजी चालते. एमएस्सीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचा विभाग आहे. बाहेर जायचं तर एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा द्याव्या लागतात : आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी. एमबीबीएस झालेल्यांची वाट वेगळी : नीट-पीजीतून बायोकेमिस्ट्रीत ३ वर्षांचं एमडी आणि मग हॉस्पिटलची लॅब.

संशोधनात जायचं तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही देशपातळीवरची परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. २०० गुणांच्या या पेपरात तिसऱ्या भागातले ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. म्हणजे निम्मा पेपर तिथंच आहे, आणि तिथं प्रयोगाचा निकाल समोर ठेवून त्याचा अर्थ विचारतात. नुसतं पाठांतर करून आलेली हुशार मुलं इथंच अडकतात. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं.

आता हाताचं काम. ते मला परीक्षेइतकंच महत्त्वाचं वाटतं. बफर म्हणजे पीएच फारसा हलू न देणारं द्रावण, आणि ट्रिस ही ते करायची एक नेहमीची पावडर. ५० मिलिमोलर (लिटरमागं ५० मिलिमोल) ट्रिस बफर १ लिटर करायचं तर ६.०६ ग्रॅम ट्रिस ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच ८ वर आणा आणि मगच लिटरची खूण गाठा. आधीच लिटरभर पाणी घातलं तर आम्लानं आकारमान वाढतं आणि बफर पातळ होतं. बोअरचं पाणी तर घेऊच नका. त्यातल्या कॅल्शियममुळं फॉस्फेट बफर गढूळ होतं.

ट्रिसची खोड तापमानाची. दर अंशाला त्याचा पीएच साधारण ०.०२८ नं हलतो. मे महिन्यात आपल्याकडं लॅबमध्येच ४० अंश असतात. तिथं ८ वर लावलेलं बफर ४ अंशाच्या फ्रिजमध्ये ९ च्या आसपास जातं आणि एन्झाइम काम करेनासं होतं. पीएच मीटरवरची तापमानाची दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडपुरती असते, बफरचा बदल ती भरून काढत नाही. म्हणून ज्या तापमानाला वापरायचं, त्याच तापमानाला पीएच लावा. फॉस्फेट बफर याबाबतीत बरंच स्थिर असतं.

मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं बटणाचं साधन, त्याचंही तसंच. २० ते २०० मायक्रोलिटरच्या पिपेटनं ५ मायक्रोलिटर घेऊ नका. द्रव ओढताना बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, टिप २-३ मिलिमीटरच बुडवायची आणि बटण सावकाश सोडायचं. झटकन सोडलं की हवेचा बुडबुडा शिरतो. १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी १० वेळा सूक्ष्म तराजूवर तोला. प्रत्येक वेळी १०० मिलिग्रॅमच्या जवळपास आलं पाहिजे. दहाही आकडे सारखेच कमी आले तर पिपेटचं कॅलिब्रेशन तपासा, वरखाली होत असतील तर हाताला सराव हवा.