दोन रेघांचा मेंढा

(दृश्य: पहाट. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत बसलेल्या मेंढ्या, धुराचा पट्टा, कोकरांचा आवाज.)

फलटण, माण, खटाव. सह्याद्रीच्या पाठीमागचा, पावसानं कायम हात आखडता घेतलेला हा मुलूख. इथं पिढ्यान् पिढ्या टिकून आहे ती दख्खनी मेंढी. काळी, राठ लोकरीची, लांब पायांची. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी वाडे, म्हणजे धनगरांची कळपांसकटची बिऱ्हाडं, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. लोकरीला आता फारसा भाव नाही. धनगराच्या हाती खरा पैसा येतो कोकरू विकल्यावर, आणि दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते.

(दृश्य: संस्थेचं आवार, करडईची फुललेली शेतं, मग मेंढ्यांचा गोठा.)

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. सगळे तिला ‘नारी’ म्हणतात. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये ती सुरू केली. कापूस, करडई, गोड ज्वारी अशी कोरडवाहू भागाला उपयोगी पिकं हा तिचा पाया. संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचलं पाहिजे, हा आग्रह पहिल्या दिवसापासून. तोच आग्रह पुढे मेंढीपर्यंत आला. डॉ. चंदा निंबकर यांनी पशुसंवर्धनाचं काम हाती घेतलं आणि नव्वदच्या दशकात या गोठ्यात एक पाहुणी दाखल झाली.

(दृश्य: गरोळ मेंढी, शेजारी दख्खनी. उंचीतला फरक नीट दिसेल असा कोन.)

ही गरोळ. बंगालच्या सुंदरबनातली. खाऱ्या, दलदलीच्या जमिनीवर चरणारी, वजनानं जेमतेम बारा-पंधरा किलो. हिला जुळी होणं ही नित्याची गोष्ट, तिळीही होतात.

गरोळची गोष्ट जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला कलकत्त्याहून बंगालच्या मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथं न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरुला’ नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या विसाव्या शतकात एकाएकी चर्चेत आल्या, कारण त्या भरपूर कोकरं देत होत्या. शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. हा गुण एकाच मोठ्या जनुकामुळे येतो असं ऐंशीच्या दशकापर्यंत स्पष्ट झालं आणि त्याला नाव मिळालं फेक-बी. तो मूळचा बंगालचा असावा, असा कयास होता.

म्हणजे हवं ते आपल्याच देशात होतं. आता ते दख्खनी मेंढीत आणायचं.

(दृश्य: मेंढ्याच्या कानातला बिल्ला, नोंदवही, वजनकाटा, पुन्हा नोंदवही.)

इथून पुढचं काम चिकाटीचं. गरोळ मेंढा आणि दख्खनी मेंढी यांचा संकर केला की जनुक येतो, पण त्याबरोबर गरोळचा लहान बांधाही येतो. लहान कोकराला बाजारात कोण विचारणार? म्हणून संकरित पिल्लं पुन्हा दख्खनीशी जुळवायची, त्यांची पिल्लं पुन्हा दख्खनीशी. दर पिढीला गरोळचं रक्त निम्म्यानं कमी होतं आणि अंग भरतं. मात्र त्याच वेळी दर पिढीला निम्म्या पिल्लांमधून तो जनुकही निसटतो. उरलेल्या निम्म्यांत तो आहे. ती कोणती?

मादीचं किमान दिसतं तरी. तिला जुळी झाली तर अंदाज बांधता येतो. नराचं काय करायचं? मेंढा काही वितच नाही. त्याच्यात जनुक आहे की नाही, हे त्याच्या लेकी विणार तेव्हा कळणार. मेंढा वयात यायचा, मग पाच महिन्यांचा गाभणकाळ, मग लेकी मोठ्या होऊन त्यांची वेतं. एकेका मेंढ्यामागे तीन-चार वर्षं, आणि एवढं थांबून उत्तर ‘नाही’ आलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. वाड्याची निम्मी कुंडली मेंढ्याकडून येते. तोच अंधारात असेल तर धनगराच्या हाती काय द्यायचं?

(दृश्य: मानेतून रक्त काढणारे हात. नळी. बर्फाची पेटी. पुण्याकडे जाणारा रस्ता.)

२००१.

त्या वर्षी फ्रान्स, ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या तीन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फेक-बीचा नेमका पत्ता शोधून काढला. सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-वन-बी नावाचा जनुक आहे. त्यातल्या एका अक्षराच्या बदलामुळे पाचशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसतं. तेवढ्यानं एका माजाच्या वेळी जास्त बीजं पिकतात. पुढच्याच वर्षी सिद्ध झालं की गरोळमध्येही नेमका हाच बदल आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रवासाबद्दलचा कयास खरा निघाला.

आणि फलटणच्या मेंढ्याचा प्रश्न सुटला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या कामात नारीची सोबती होती. वनस्पतींच्या जनुकांवर काम करणाऱ्या तिथल्या शास्त्रज्ञांनी मेंढ्यांचे नमुने तपासायला घेतले.

(दृश्य: जेलवरच्या उजळलेल्या रेघा. इथं निवेदन सावकाश.)

या रेघा नीट पाहा. रक्तातून डीएनए वेगळा केला, हवा तो तुकडा वाढवला आणि त्यावर कात्रीसारखं काम करणारं एक विकर सोडलं. हे विकर बदललेलाच तुकडा कापतं आणि कापलेला आखूड तुकडा जेलवर जास्त खाली सरकतो. वर एकच रेघ, म्हणजे फेक-बी नाही. खाली एकच रेघ, म्हणजे आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला. वर आणि खाली अशा दोन रेघा, म्हणजे एक प्रत आहे.

कोकरू काही दिवसांचं असतानाच हे कळतं. लेकींच्या वेतांची वाट पाहायची गरज उरली नाही. आमच्या मते नारीच्या इतिहासात २००१ चं मोल यासाठी आहे. शोध परदेशात लागला, पण तो लागला तेव्हा कळप, नोंदवह्या आणि पिढ्यांची वंशावळ इथं तयार होती. ती तयारी नसती तर त्या शोधनिबंधाचा माणदेशातल्या वाड्याला काडीचा उपयोग झाला नसता.

(दृश्य: मोकळ्या रानात चरणारा कळप. जुळी कोकरं आईला लुचताना. इथं निवेदन नाही, फक्त मूळ आवाज.)

या कामातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी आली आणि मेंढपाळांच्या वाड्यांत गेली. एक प्रत असलेल्या मेंढ्यांना दहा वेतांमागे पंधराच्या आसपास कोकरं होतात. जुळ्यांना दूध पुरायचं तर आईला गाभणपणी आणि व्याल्यावर जास्तीचा खुराक लागतो, लहान कोकरांकडे लक्ष ठेवावं लागतं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये या जनुकावर काम करणारे देशोदेशीचे शास्त्रज्ञ पुण्यात चर्चेसाठी जमले.

(दृश्य: कळपातून मेंढा निवडणारा मेंढपाळ, बिल्ल्याचा क्रमांक वाचणारा कर्मचारी.)

एकच प्रत असली की जनुक आजही निम्म्या पिल्लांत निसटतो, त्यामुळे तपासणी एकदा करून भागत नाही. आधी रक्ताचा अहवाल, मग मेंढा.