कारण माहीत नाही

[दृश्य : पहाट. मेडिकल चौक. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर वाफ. एसटीतून उतरलेली माणसं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल.]

नागपुरात दवाखान्याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'मेडिकलले नेलं', 'मेयोत हाये', 'सुपरमधी भरती केलं' एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, सुपर म्हणजे सरकारी सुपर स्पेशालिटी. विदर्भाचे अकरा जिल्हे इथे येतात, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादही येतं. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांसाठी खोली घेऊन राहणारे वेगळेच.

हे काका नरखेडकडचे. संत्र्याचा बगीचा आहे. किडन्या निकामी झाल्या, म्हणून तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पहाटेची गाडी धरतात.

[दृश्य : डायलिसिसची खोली. काकांच्या डाव्या हातावर फुगलेली शीर. तंत्रज्ञ त्यावर बोटं ठेवतो.]

मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून ठेवली आहे. तिला फिस्टुला म्हणतात. बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थरथर आहे तोवर सुई घालता येते, म्हणून या हाताने काका ओझं उचलत नाहीत आणि त्यावर कुणाला बीपीचा पट्टाही बांधू देत नाहीत. चार तास रक्त बाहेर येतं, यंत्रात गाळलं जातं, अंगात साचलेलं पाणी काढलं जातं, आणि रक्त परत आत जातं.

संत्र्याचं विचारलं तर हसतात. "बगीचा माहाच हाये जी, पण एक फोड खाता येत नाही." संत्र्यात पोटॅशियम भरपूर. निकामी किडनी ते बाहेर टाकत नाही आणि रक्तात साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात. भाज्यासुद्धा उकळून, पाणी फेकून खायच्या. सावजी रस्सा तर स्वप्नातच.

पाण्याचा हिशेब सगळ्यांत कठीण. दिवसाची जेवढी लघवी तेवढं, आणि वर साधारण अर्धा लिटर. आणि हे नागपुरात, जिथे २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात काका बर्फाचा खडा जिभेवर ठेवून दुपार काढतात.

[दृश्य : फाइलचं पहिलं पान. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.]

पण आपण आलो आहोत ते या ओळीसाठी. किडनीचा जुनाट आजार, पाचवी म्हणजे शेवटची पायरी. पुढे कारणाची जागा. तिथे लिहिलं आहे : माहीत नाही.

काकांना साखर नव्हती. बीपी सापडलं, पण ते आजारामुळे वाढलं की आधीपासून होतं, हे आता कोण सांगणार?

असे काका एकटे नाहीत. देशभरातल्या किडनीतज्ज्ञांनी मिळून रुग्णांची एक नोंदवही ठेवली होती. तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ प्रौढ रुग्ण होते. मधुमेहामुळे किडनी गेलेले ३१ टक्के, उच्च रक्तदाबामुळे १३ टक्के, आणि कारण न सापडलेले १६ टक्के. सोळा टक्के म्हणजे या एका वहीत आठ हजारांहून जास्त माणसं.

'अज्ञात' म्हटलं की काहीतरी गूढ वाटतं. पण त्यातला मोठा भाग गूढ नाही, तो उशीर आहे. किडनीकडे शिल्लक शक्ती एवढी असते की निम्म्याहून अधिक काम बंद पडलं तरी माणूस शेतात जातो, लग्नाला जातो, चार घास जेवतो. मळमळ, धाप, पायावर सूज हे सगळं शेवटी येतं. तेव्हा सोनोग्राफी करतात, तर दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. बायोप्सी करून, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासून, उपयोग नसतो, कारण तुकड्यात फक्त वण दिसतो. कापसाची पऱ्हाटी उपटून जाळल्यावर तिच्यावर कोणती अळी होती ते विचारण्यासारखं आहे.

[दृश्य : गावातलं रक्त तपासणीचं शिबिर. कृश बांध्याची शेतमजूर बाई. रिपोर्टवर 'क्रिएटिनिन १.२'.]

मग लवकर तपासा, असं म्हणणं सोपं आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निघणारं द्रव्य. किडनी ते गाळते, म्हणून ते रक्तात वाढलं की किडनी कमजोर. पण ज्या माणसाच्या अंगावर स्नायूच कमी, त्याच्यात ते मुळात कमीच तयार होतं. पंचावन्न वर्षांची, चाळीस किलोची शेतमजूर बाई घ्या. तिच्या कागदावर १.२ हा आकडा आला तर कुणी भुवई उंचावत नाही. प्रत्यक्षात तिची किडनी निम्म्याहून कमी चालत असू शकते. आकड्यावरून किडनीची गती काढायची प्रचलित सूत्रं परदेशातल्या लोकांवर बेतलेली, आणि भारतीयांत ती गती फुगवून दाखवतात, हे इथल्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा मांडलं आहे. लघवीतली प्रथिनं तपासण्याची पट्टी स्वस्त आहे. ती अनेकदा रक्ताच्या आधी बोलते. पण लघवीची बाटली द्यायला माणसं लाजतात, हेही खरंच.

विदर्भात संशयितांची कमी नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. या भागातल्या काही समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. किडनीच्या आतल्या गाभ्यात प्राणवायू कमी आणि मीठ जास्त असतं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारखी वाकायला हवं तसं वातावरण. पेशी तिथे अडकतात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. सगळ्यांत आधी लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. मूल रात्री तीनदा उठतं, अंथरूण ओलं करतं, आणि घरचे त्याला रागावतात.

घोणस घ्या. पावसाळ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिच्यावर पाय पडला की तिचं विष रक्त गोठण्याची यंत्रणा मोडतं आणि किडनी बंद पाडतं. बहुतेक जण काही दिवसांच्या डायलिसिसवर बरे होतात. काही जण पूर्वीसारखे होत नाहीत, आणि दहा वर्षांनी ते किडनीच्या वॉर्डात दिसतात तेव्हा जुना साप कुणी विचारत नाही. गुडघेदुखीची गोळी चिठ्ठीशिवाय मेडिकलातून आणून वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचंही तेच. (मेडिकल म्हणजे इथे औषधाचं दुकान. नागपूरकरांना सांगायला नको.)

आणि पूर्णेचं खोरं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी जिभेला लागतं. तिथली गावं किडनीच्या आजाराचा दोष पाण्याला देतात. आंध्रातल्या उद्दानमपासून श्रीलंका आणि मध्य अमेरिकेपर्यंत शेतमजुरांत असाच आजार आढळला आहे. ऊन, वारंवार शोष पडणं, पाण्यातली द्रव्यं, फवारणी यांपैकी कुणाचा किती वाटा यावर संशोधकांत अजून वाद आहे. मला वाटतं, एकच गुन्हेगार शोधण्याचा हट्टच चुकीचा आहे. मे महिन्यातल्या मजुराच्या अंगावर हे सगळे एकदमच पडतात.

[दृश्य : भोपाळचा जुना नकाशा. नकाशावरून रेल्वेमार्ग नागपूरकडे सरकतो.]

देशात दरवर्षी किती किडन्या पूर्ण निकामी होतात? याचं उत्तर एका दुर्घटनेने दिलं. भोपाळच्या वायुपीडितांना एका रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क होता. त्यामुळे ५,७२,०२९ लोकांच्या या गटात कुणाची किडनी गेली तर तो तिथे नोंदला जायचा. २००६ साली मोदी आणि झा या संशोधकांनी तो हिशेब मांडला. वयोगटांतला फरक हिशेबात धरून दहा लाखांमागे वर्षाला २३२. हा दर देशाला लावला तर दरवर्षी दोन लाखांच्या वर नवे रुग्ण. एरवी आपण मोजतो ते फक्त दवाखान्याचं दार गाठलेल्यांना. बसभाडं संपलं म्हणून परत गेलेला कोणत्याच वहीत नसतो.

याच्या समोर ठेवायचा आकडा : २०२३ साली देशात १३,४२६ किडनी प्रत्यारोपणं झाली.

[दृश्य : शस्त्रक्रियागृहाबाहेरचा बाक. एक आई आणि तिची सून.]

भारतातलं पहिलं यशस्वी नातलग-दात्याचं प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरला झालं. नवी किडनी जुन्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या कोपऱ्यात, मांडीच्या वर बसते, आणि जुन्या दोन्ही सहसा तिथेच राहतात. रक्त जोडल्यावर टेबलावरच लघवीचे थेंब दिसले की डॉक्टरांचे खांदे सैल होतात. पुढे जन्मभर गोळ्या, कारण शरीर परकं ओळखायचं सोडत नाही.

१९९४ला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला तो किडनीच्या बाजारामुळे. म्हणून आज समिती बसते, कागद तपासते, दात्याची मुलाखत व्हिडिओवर नोंदवते. 'कुणाच्या दबावाखाली तर नाही ना?' हा प्रश्न विचारला जातो. पण दबाव नेहमी धमकीच्या रूपात येत नाही. २०१९च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात जिवंत दात्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया होत्या, बहुतेक कुणाची आई, नाहीतर बायको. घेणाऱ्यांत सुमारे ८० टक्के पुरुष. बाकावरची ही आई म्हणाली, "तो कमावता हाये. मी काय, चूल पाहतो." सून तेव्हा खाली बघत होती. तिचा रक्तगट जुळत नव्हता. जुळला असता तर कोण बसलं असतं, हे मी विचारलं नाही.

दुसरा रस्ता मेंदूमृत दात्याचा. व्हेंटिलेटरवर हृदय चालू आहे, पण मेंदूचा देठ कायमचा बंद. चार डॉक्टर तपासतात, सहा तासांनी पुन्हा तपासतात. राज्यात मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगरबरोबर नागपूरलाही विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. प्रतीक्षा यादी तिथे असते. दाता मिळतो तो बहुधा रस्त्यावरच्या अपघातातून, आणि समुपदेशक बोलायला जातो तेव्हा घरच्यांना छातीचा भाता हलताना दिसत असतो. "श्वास चालू हाये न जी!" यावर उत्तर द्यायला जी माणसं शिकलीत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

[दृश्य : डायलिसिस संपलं. काका वजनकाट्यावर.]

काकांचं नाव यादीत आहे. बायकोला साखर, मुलगा द्यायला तयार आहे, काका तयार नाहीत. बोलणं तिथेच थांबतं. मुलाची लघवी तपासली का, विचारलं. "त्याले काय झालं?" म्हणाले.

आत आले तेव्हा ६१.४ किलो. आता ५९. तंत्रज्ञ आकडा वहीत लिहितो, सुईच्या जागेवर कापूस दाबून धरायला सांगतो. नरखेडच्या गाडीला पाऊण तास आहे.