टबातलं जांभळं भात

(दृश्य: गच्चीचा कठडा. काळ्या टबात गडद जांभळी पाती, शेजारच्या हौदात कमळाची पानं.)

पाहुणे याला हमखास गवत म्हणतात. तसं ते चुकत नाहीत, भात गवताच्याच कुळातलं. पण हे भात आहे म्हटलं, की सगळे टबावर वाकतात.

हा काळा तांदूळ नव्हे. काळ्या तांदळाची पाती बहुधा हिरवीच असते. इथे रंग पातीत आहे, आतला दाणा पांढराही निघू शकतो. अमेरिकेत 'ब्लॅक मद्रास' नावाचं असं भात शोभेचं झाड म्हणून विकतात, तळ्याकाठी आणि कुंडीत लावायला.

आपल्याकडे मात्र या रंगाला काम होतं. छत्तीसगढच्या भातखाचरांत करगा नावाचं रानभात घुसतं. कोवळेपणी ते अगदी भातासारखं दिसतं, आणि कापणीआधीच दाणे गाळून पुढच्या वर्षाची सोय करून ठेवतं. बेणायचं कसं? यावर रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'श्यामला' हे जांभळ्या पातीचं वाण दिलं. हिरवं दिसेल ते उपटा!

(दृश्य: पाणथळीतलं रानभात, लांब कुसळं.)

रानभात म्हणजे शत्रूच, असं मात्र नाही. आपल्याकडे तळ्याकाठच्या रानभाताला देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, तेव्हा न नांगरता उगवलेलं हे चालतं.

जपानमधल्या इनाकादाते गावाने 1993मध्ये जांभळ्या, पिवळ्या, हिरव्या पातीची रोपं लावून खाचरात चित्र काढलं. पुण्याजवळ डोणज्यात वनस्पती-अभ्यासक श्रीकांत इंगळहळीकर यांनीही तसाच चित्रांचा मळा फुलवला. आपल्याला एक टब पुरे.

(दृश्य: चिखलात बुडालेले हात.)

वाण्याकडचा तांदूळ पेरून काही उगवणार नाही. गिरणीत पॉलिश करताना कोंबच निघून जातो. टरफलासकट भात हवं. ते भिजवून मोड आणायचे, आमच्याकडे त्याला रहू म्हणतात. टबाला भोक नको. माती शेतातली, चिकण. कोकोपीट पाण्यावर तरंगतं. तीन आठवड्यांचं रोप झालं की दोन-तीन काड्या एकत्र लावायच्या, वर दोन बोटं पाणी. ऊन भरपूर हवं, सावलीत रंग मळकट होतो.

भाताला पाण्यात राहायची आवड आहे असं नाही, त्याला तिथे राहता येतं एवढंच. पातीतली हवा देठातल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचते. आठवड्यातून एक दिवस पाणी आटू दिलं तरी चिखल ओला राहतो आणि डासांच्या अळ्या मरतात. पोटरीवर आल्यावर, म्हणजे लोंबी पातीच्या पोटात दडलेली असताना, मात्र पाणी हटू द्यायचं नाही. तेव्हा वर दोन बोटं पाणी कायम हवं.

(दृश्य: रात्र. गच्चीवरचा दिवा.)

पहिल्या वर्षी आमचं भात निसवलंच नाही. फुटवे भरपूर, पाती कमरेपर्यंत, लोंबीचा पत्ता नाही. खत घातलं, पाणी बदललं. कारण डोक्यावर होतं: जिन्याचा दिवा रात्रभर चालू! पुष्कळ जुनी वाणं रात्र लांबली की मगच निसवतात. आमच्या टबाला रात्र मिळालीच नव्हती.

दुसऱ्या वर्षी दिवा बंद ठेवला. जिन्यात दोघांनी ठेचा खाल्ल्या, पण ऑक्टोबरात लोंब्या आल्या.

(दृश्य: लोंबीचा अगदी जवळून घेतलेला भाग.)

सकाळी दहाच्या सुमारास टरफलाची दोन पुटं किंचित उघडतात. पाकळ्या नाहीत. आतून बारीक दोऱ्यांवर सहा पुंकेसर लोंबकळतात, वारा आला की थरथरतात. तासाभरात पुटं मिटतात आणि रिकामे पुंकेसर बाहेरच राहतात. शोभेचं म्हणाल तर सगळा सोहळा एवढाच. चहा करायला गेलात तर हुकला.

(दृश्य: कठड्यावर मनोली या चिमुकल्या पाखरांची जोडी. आजी टबाशी.)

आजीचं माहेर पोलादपूरकडचं, आवणात वाकूनच मोठी झालेली. "भात काय बघायला लावतात?" म्हणून वर्षभर ती टबाकडे फिरकली नव्हती. मग एक दिवस आली, लोंबीतला एक दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब बाहेर आला.

"दुधात आलंय," ती म्हणाली. "आता पाखरं येतील. जुनी साडी आण कुणीतरी."