आजोबांची रायफल आणि २०० यार्डांचा झिरो

बसा बसा, मागे पण खुर्च्या आहेत. तर तुमच्यातल्या पाच-सहा जणांनी यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, लायसन घेतलंय, आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आपल्या पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल सीझन सुरू होतोय, म्हणून मला बोलायला उभं केलंय. मी काही एक्सपर्ट नाही. एकदा सपशेल चुकलोय, आणि ते का चुकलं हे शोधायला पुढचा सगळा उन्हाळा घातलाय, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

माझ्याकडे आहे ती विंचेस्टर मॉडेल ७०, थर्टी-ऑट-सिक्स नावाच्या काडतुसाची. हे मॉडेल १९३६ साली आलं आणि १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला त्यात बदल केले, त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना लोक अजून 'प्री-सिक्स्टीफोर' म्हणून जीव लावतात. माझी त्यातलीच, शेजारच्या आजोबांकडून घेतलेली. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं ती वापरली, आणि देताना म्हणाले की हिला काही करू नकोस, ही झिरोवर आहे, म्हंजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागते. दस्त्याला पिवळी पडलेली मास्किंग टेप होती, त्यावर पेनाने '१५० – २००' लिहिलेलं. मला वाटलं दीडशे ते दोनशे यार्डापर्यंत मारा असं म्हणायचंय त्यांना.

आणि मग काय, दुकानातून १८० ग्रेनची (ग्रेन म्हंजे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसं आणली, नेम तपासायला रेंजवर न जाताच जंगलात गेलो, साधारण १८० यार्डावर एक मोठा नर उभा, छान बाजू देऊन, नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला, आणि गोळी त्याच्या पोटाखालून जमिनीत. माती उडालेली दिसली. तासभर रक्ताचा थेंब शोधला, नव्हता, तेवढं नशीब. जखमी होऊन गेला असता तर मी इथे उभा राहिलोच नसतो, खरं सांगतो.

घरी येऊन आधी रायफलीलाच शिव्या घातल्या. मग स्क्रू ड्रायव्हर लावून बघितलं तर दुर्बिणीच्या बेसचा एक स्क्रू हाताने फिरत होता, म्हंजे दुर्बीण प्रत्येक गोळीला थोडी हलायची. म्हणून पहिलं काम स्क्रू. सगळं काढा, तेल पुसा, परत बसवा. खालचे दस्त्याचे स्क्रूपण बघा, या जुन्या मॉडेल ७० मध्ये मधला स्क्रू दाबून आवळायचा नसतो, नुसता टेकला की बास, नाहीतर ॲक्शन, म्हंजे नळीमागचा यंत्राचा भाग, वाकते. दस्ता अक्रोडाचा, पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि नळीला एका बाजूने रेटतं, मग ऑगस्टमधला नेम नोव्हेंबरात राहत नाही. आपल्या गावच्या दारं-खिडक्या पावसाळ्यात लागत नाहीत ना, तसंच.

आता रेंज. आधी २५ यार्ड, थेट १०० वर जाऊन कागदच लागला नाही तर वीस काडतुसं फुकट जातात. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेपण बघा, बोल्ट, म्हंजे नळी मागून बंद करणारा दांडा, काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि मागून नळीतून बघा, टार्गेटचा काळा ठिपका नळीच्या मधोमध आला की रायफल न हलवता दुर्बिणीचा क्रॉसहेअर, म्हंजे आतली फुली, त्याच ठिपक्यावर आणा. याला बोअर-साइटिंग म्हणतात. पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली हां, नळीखाली नाही.

आता थोडं गणित, इथे सगळे फसतात. मिनिट ऑफ अँगल हे कोनाचं माप, एक मिनिट म्हंजे १०० यार्डावर १.०४७ इंच, आपण एक इंच धरू. दुर्बिणीचं बटण फिरवताना होणारा एक क्लिक पाव मिनिटाचा, म्हंजे १०० यार्डावर इंचाला चार क्लिक. पण २५ यार्डावर तोच क्लिक गोळी फक्त एक सोळांश इंच हलवतो, म्हंजे इंचाला सोळा! माझी पहिली गोळी दोन इंच खाली लागली, मी आठ क्लिक दिले, आणि मग डोकं खाजवत बसलो की ही हलत का नाही. बत्तीस हवे होते. जुन्या दुर्बिणीत कधी कधी फिरवल्यावर आतलं लगेच जागेवर जात नाही, काडतुसाने टर्रेटवर, म्हंजे त्या बटणावर, हळूच टकटक करायची.

आणि एका गोळीवरून काही ठरवू नका. तीन मारा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा. या रायफलीची नळी बारीक, चार-पाच गोळ्यांत तापते आणि गोळ्या सरकायला लागतात, तेव्हा बोल्ट उघडा ठेवून पंधरा मिनिटं गप्पा मारा. घाईच्या माणसाला ही रायफल कधीच खरं सांगत नाही.

१८० ग्रेनची गोळी साधारण २७०० फूट सेकंदाला निघते. १०० यार्डावर दोन इंच वर बसवली की २०० वर बरोबर बसते, २५० वर साडेतीन इंच खाली, ३०० वर आठ-नऊ, आणि ४०० वर दोन फूट! हरणाच्या छातीतली मोक्याची जागा आठ इंचाची धरा, म्हंजे २५० पर्यंत नुसता मधोमध नेम धरला तरी भागतं. त्यापुढे वारा येतो. ताशी दहा मैलाचा आडवा वारा ३०० वर गोळी सहा-सात इंच ढकलतो. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसळे, २०२४ ला पॅरिसला ज्याने ब्राँझ आणलं, तो ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर मारतो, आणि तिथेपण हे लोक वाऱ्याचे झेंडे बघत असतात. आपण कोण लागून गेलो? मी माझी हद्द ३०० ठेवलीय, आणि तीपण बसून, टेकून. यूट्यूबवर हजार यार्ड मारणाऱ्यांचं ठीक आहे, ते लोखंडाच्या पत्र्यावर मारतात, पत्रा लंगडत झाडीत जात नाही.

हां, टेपचं राहिलंच. उन्हाळ्यात एकदा रेंजवर गंमत म्हणून १५० ग्रेनची काडतुसं लावली, तर १०० यार्डावर सगळा घोळका १८० पेक्षा वेगळ्याच जागी, खालीवर पण आणि बाजूलापण. तेव्हा ट्यूब पेटली! आजोबांचे ते १५० म्हंजे यार्ड नव्हतेच, १५० ग्रेन, २०० यार्डाचा झिरो, असं म्हणायचं होतं त्यांना. त्यांची रायफल खरंच झिरोवर होती हो, त्यांच्या गोळीला. काडतूस बदललं, मेक बदलला, तरी परत कागदावर मारून बघायचं, त्याला पर्याय नाही. सीझनच्या आदल्या आठवड्यात एक खरोखर थंड नळीची गोळी मारा, सकाळी, जाडं जॅकेट घालून, कारण जंगलात तुमची पहिली गोळी तशीच जाणार आहे, गरम नळीने टी-शर्टमध्ये बसून नाही.

त्यांची टेप मी काढलेली नाही. तिच्या खाली माझी लावलीय, '१८० ग्रेन, झिरो २०० यार्ड', आणि शेजारी तारीख.

चला, प्रश्न घेऊ. आणि कुणीतरी तो चहा इकडे पाठवा.