कारखान्यातला नायक, आयता खलनायक

पत्रिकेवर विषय छापलाय ‘सुपरहिरोच्या जन्मकथेचा चित्रपट : बलस्थानं आणि उणिवा’. उदाहरण एकच घेणार आहे, 2008 सालचा ‘आयर्न मॅन’. दिग्दर्शक जॉन फॅव्हरोचा, नायक रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय असं धरून चालतो. नसेल पाहिला त्यांनी माना डोलवत राहावं, व्याख्यानाला तेवढं पुरतं.

आधी माझं एक जुनं दुखणं सांगतो. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला, नाव पडायच्याही आधी, अफगाणिस्तानात पळवून नेलेला शस्त्रास्त्रांचा अब्जाधीश कारखानदार टोनी स्टार्क, म्हणजे आपला नायक, दिसतो. डोक्यावरची पिशवी काढलेली, मागे बंदूकधारी, समोर कॅमेरा, आणि एक जण कागदावरून काहीतरी वाचतोय. खाली सबटायटल नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तो नुसता कलकलाट. पण वाचणारा बोलतोय उर्दूत! अहो, आपली हयात हिंदी सिनेमे बघण्यात गेलेली. माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ पॉपकॉर्न खाता खाता म्हणाले, “म्हणजे सुपारी घरच्याच माणसानं दिलीय.” झालं! कान देऊन ऐकलं तर कागद वाचणारा सरळ सांगतोय, ज्याला मारायचे पैसे दिलेत तो टोनी स्टार्क आहे हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आता भाव वाढला. आणि सुपारी देणाऱ्याचं नावसुद्धा घेतोय, ओबडाया स्टेन, म्हणजे टोनीच्याच कंपनीतला बडा माणूस. हेच रहस्य पुढे टोनीची सेक्रेटरी पेपर पॉट्स संगणकाकडून भाषांतर करून घेते आणि हादरते. आमचं अर्धं थिएटर तासाभरापूर्वीच हादरून मोकळं झालं होतं. एवढ्या पैशाच्या सिनेमात, निम्मी दुनिया उर्दू समजते हे सांगणारा कोणी भेटला नाही?

(हसा, पण मुद्दा त्यातच आहे.) कारण मजा अशी झाली की रहस्य फुटल्यामुळे सिनेमा मला जास्त आवडला. जेफ ब्रिजेसचा स्टेन न्यूयॉर्कहून परततो, टोनीसाठी पिझ्झ्याचा खोका घेऊन येतो, पियानोशी बसतो, वडीलधाऱ्या काकांसारखा बोलतो. ज्याला काही माहीत नाही त्याला तो प्रेमळ वाटतो. आपल्याला माहिती आहे की या काकांनी याच्या नावाची सुपारी दिलीय! तो पिझ्झा बघून पोटात गोळा येतो.

आता माझा आवडता सिद्धान्त. सुपरहिरोच्या जन्मकथेत आपण शक्ती बघायला जात नाही, तिची घडण बघायला जातो. हा सिनेमा उभा आहे तो ठोकाठोकीवर. कैदेतल्या गुहेत क्षेपणास्त्रं फोडून पॅलेडियम नावाचा धातू काढतात, टोनीच्या छातीत बसणाऱ्या आणि चिलखताला ऊर्जा देणाऱ्या छोट्या रिअॅक्टरसाठी. एकातून निघतं 0.15 ग्रॅम आणि लागणार किमान 1.6 ग्रॅम. घाम, भट्टी, घण. पुढे घरच्या वर्कशॉपमध्ये चिलखताच्या उडत्या बुटांची चाचणी : 10 टक्के जोर दिला आणि पठ्ठ्या उडून धाडकन आदळला. डमी नावाचा यांत्रिक हात आग विझवायचं नळकांडं घेऊन सदैव तयार, आग लागलेली नसतानाही फवारणारा. मग 1 टक्का, आणि टोनी स्वतःच्या महागड्या गाड्यांवरून तरंगत जातो. इतर सिनेमांत पोशाख शिंप्याकडून आल्यासारखा एका कटमध्ये अंगावर येतो. इथे प्रत्येक बोल्टचा हिशेब आहे, म्हणून तो उडतो तेव्हा आपणही उडतो.

…चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. उणिवा भराभर सांगतो.

पहिली, खलनायक आयता. स्टेनच्या माणसांना छातीत बसेल एवढा छोटा रिअॅक्टर बनवता येत नाही, म्हणून तो टोनीचाच काढून घेतो. कथेत हे चोख बसतं, पण पडद्यावर त्याचं चिलखत आपण घडताना बघितलेलंच नाही. मग शेवटी दोन लोखंडी पुतळे रस्त्यावर आपटतात, आणि मी घड्याळ बघतो. पिझ्झेवाला ब्रिजेस त्या डब्यात गुदमरला. अपवाद एक : उंचावर बर्फ साचण्याचा प्रश्न टोनीनं चाचणीत सोडवलेला असतो, स्टेननं नाही. म्हणजे तिथेही माझाच सिद्धान्त खरा! पण तेवढ्यावर मारामारी संपवायची हिंमत दिग्दर्शकाला झाली नाही.

दुसरी उणीव जास्त टोचते. यिन्सेन, गुहेत टोनीबरोबर कैद असलेला डॉक्टर. बॉम्बचे तुकडे काळजात घुसू नयेत म्हणून टोनीच्या छातीला विद्युतचुंबक लावून, मोटारीची बॅटरी जोडून त्याला जगवणारा हाच. त्याच्याशिवाय चिलखत नाही. तो मरतो, नायक सुधारतो. त्याच्या गुल्मिरा गावी टोनी एकदा उडत जातो, दहशतवाद्यांना चोपतो, परत येतो. त्यानंतर त्या गावाचं काय झालं, सिनेमा विचारत नाही. जन्मकथा नायकाची असते हे कबूल, पण सुईणीला निदान आहेर तरी करायचा.

शेवटच्या पत्रकार परिषदेबद्दल राहिलंच. अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे आता ते प्रश्नोत्तरात विचारा.