हाक्का भाषेतलं ‘देणं’

नमस्कार श्रोतेहो. ‘हाक्का’ म्हटलं की आपल्याला नूडल्स आठवतात, पण हाक्का हा मुळात एक समाज आहे आणि त्याची स्वतःची भाषा आहे. दक्षिण चीनमध्ये, तैवानमध्ये आणि आपल्या कोलकात्याच्या टांगरा भागातही ती बोलली जाते. त्या भाषेतलं एक क्रियापद आज ऐकवतो : ‘पुन’. पुन म्हणजे देणं.

आपण ‘त्याला पुस्तक दे’ म्हणतो, तसंच ‘त्याला जाऊ दे’ही म्हणतो. पुनचंही तसंच : देणं, आणि करू देणं. पण पुन आणखी पुढे जातं. कसं, ते ऐका.

तैवानमधल्या म्याओलीत मी एका हाक्का घरी उतरलो होतो. तिथल्या आजींनी छीपा केला होता. चिकट तांदूळ कुटून केलेले मऊ गोळे, वर शेंगदाण्याचं गोडसर कूट. शेजारचा मुलगा दारात घुटमळत होता. आजी सुनेला म्हणाल्या, “छीपा पुन की सित.” की म्हणजे तो, सित म्हणजे खाणं. छीपा त्याला खायला दे. संध्याकाळी आजींनी झाकण उघडलं, तर ताट रिकामं! आजी कडाडल्या, “छीपा पुन की सित थेत ले!” शब्द तेच, शेवटी फक्त ‘थेत ले’, म्हणजे ‘संपवून टाकलं’. आणि अर्थ झाला : त्यानं सगळा छीपा फस्त केला! दुपारी पुन म्हणजे देणं, संध्याकाळी पुन म्हणजे ‘कडून’. पुन्हा सांगतो, पुन तेच, वाक्याचा साचा बदलला.

अशा भाषेला कुणी ‘नुसती बोली’ म्हणून हिणवलं की मला राग येतो. आपल्याकडे अहिराणी बोलणाऱ्या पोरांनाही हेच ऐकावं लागतं. बोलीला व्याकरण नसतं हे साफ खोटं आहे.

आता सितच्या जागी ‘ङाव’, म्हणजे चावणं, ठेवा. ‘ङाय पुन केउ ङाव’ : मी, पुन, कुत्रा, चावणं. कुत्र्याला कोण मुद्दाम चावू देईल? म्हणून इथे ‘थेत ले’ नसतानाही अर्थ एकच : मला कुत्रा चावला. खाऊ देता येतं, म्हणून सितला दोन्ही वाटा मोकळ्या. चावण्याला एकच.

काही साचे तर क्रियापद निवडून घेतात. ‘तेत ङिन’ हा साचा भावनेचीच क्रियापदं घेतो : माया, भीती, चीड. ‘तेत ङिन स्याक’ म्हणजे बघताच माया वाटावी असा. रात्री राग ओसरल्यावर आजी त्या पोराला हेच म्हणाल्या.