उजेडाची हद्द

मित्रहो, रात्रीचे आकाश उजेडाने झाकोळू नये म्हणून बाहेरच्या दिव्यांसाठी स्थानिक नियम करायचे म्हटले की चर्चा बहुधा पथदिव्यांपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. मला त्यात एक गफलत दिसते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराने 2019 साली काही रात्री आपल्या हजारो पथदिव्यांची तीव्रता मुद्दाम कमी-जास्त केली आणि उपग्रहाला दिसणाऱ्या त्या शहराच्या उजेडात किती फरक पडतो, हे संशोधकांनी मोजले. मध्यरात्रीनंतरच्या उजेडात पथदिव्यांचा वाटा अवघा 13 टक्क्यांच्या आसपास निघाला. टूसॉनचे पथदिवे मध्यरात्रीनंतर मंद होतात, तेव्हा हा आकडा दुसऱ्या शहराला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दुकानांच्या पाट्या, जाहिरात फलक, वाहनतळ, क्रीडांगणे आणि घरांची अंगणे यांना नियम लागू होणार नसेल, तर नगरपालिकेने आपले सगळे दिवे बदलले तरी बराचसा उजेड आहे तिथेच राहतो, एवढे त्यावरून निश्चित समजते.

त्याच राज्यातील फ्लॅगस्टाफ या गावाने 1958 साली जो नियम केला, तो मुळात खासगी दिव्यांवरच होता. जाहिरातीसाठी आकाशात फिरवल्या जाणाऱ्या शोधदिव्यांच्या झोतांमुळे तिथल्या वेधशाळेच्या कामात अडथळा येत होता आणि तो दूर करणे एवढाच त्या नियमाचा माफक हेतू होता. पुढे त्यातून अधिक काटेकोर नियम तयार झाले, दर एकर जागेमागे किती लुमेन (उजेड मोजण्याचे एकक) उजेड चालेल याची मर्यादा ठरली, आणि 2001 साली या गावाला जगातले पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’, म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखणारे, शहर म्हणून मान्यता मिळाली.

लुमेन हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. जुने नियम वॅटमध्ये लिहिलेले असतात, आणि एलईडी आल्यापासून त्यांचा अर्थच उरलेला नाही. तारेचा 60 वॅटचा बल्ब साधारण 800 लुमेन उजेड देतो, तर तेवढ्याच विजेवर आजचा एलईडी दिवा 6000 लुमेन सहज देतो. म्हणजे वॅटची मर्यादा अक्षरशः पाळूनही उजेड सातपटींनी वाढवता येतो, आणि वीज स्वस्तात पडते म्हटल्यावर माणसे तो वाढवतातही. वॅट विजेचा खर्च सांगतो. दिव्यातून किती उजेड बाहेर पडतो, हे लुमेन सांगतो आणि नियमाला मोजायचा आहे तो उजेडच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न उजेडाच्या दिशेचा आहे. बागेच्या खांबावरच्या पांढऱ्या गोळ्यासारख्या दिव्याचा जवळपास अर्धा उजेड वरच्या दिशेने जातो. पण सरळ डोक्यावर जाणारा किरण वातावरणातून तुलनेने लवकर बाहेर पडतो. सर्वाधिक उपद्रवी असतो तो क्षितिजाच्या किंचित वर निघालेला किरण, कारण तो हवेतून फार लांबचा प्रवास करतो, वाटेत विखुरतो आणि कित्येक किलोमीटर दूरच्या आकाशावर दुधाळ पडदा धरतो. म्हणून आडव्या रेषेच्या वर काहीही उजेड जाऊ नये, अशा प्रकारे दिवा वरून झाकलेला असावा, ही अट मी सर्वांत आधी ठेवीन. तिरपे बसवलेले फ्लडलाइट या अटीतून सहज निसटतात. दिवा झाकलेला असतो, पण तो वर वळवला की झाकण निरुपयोगी होते. तेव्हा दिव्याच्या बनावटीबरोबर तो कोणत्या कोनात बसवला आहे, हेही नियमात आले पाहिजे. रंगाबाबत थोडक्यात एवढेच, की हवेच्या रेणूंमुळे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाच्या सुमारे तिप्पट विखुरतो. त्यामुळे 3000 केल्विन (दिव्याच्या रंगछटेचे माप) किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर, दिव्यांचा आग्रह रास्त आहे.

उजेड कमी केला तर सुरक्षिततेचे काय, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र उघड्या दिव्याने डोळे दिपले की बाहुली आकसते आणि दिव्यापलीकडच्या सावलीत कोण उभे आहे, हे उलट कमीच दिसते. झाकलेला दिवा पायाखालची वाट दाखवतो.

अंमलबजावणीची अडचण मात्र जराशी विनोदी आहे. नियम मोडला जातो रात्री, आणि तो तपासणारा अधिकारी कामावर असतो दिवसा. फ्रान्समध्ये 2013 पासून बिगरनिवासी इमारतींच्या दर्शनी भागांचे दिवे उशिरात उशिरा रात्री एक वाजता बंद करण्याचे बंधन आहे. पण असे वेळेचे बंधन पाळले जाते का, हे पाहायला कुणीतरी जागे राहावे लागते. त्यामुळे शक्य तेवढी तपासणी बांधकाम परवान्याच्या टप्प्यावरच उरकावी. नकाशासोबत प्रत्येक बाह्य दिव्याची जागा, लुमेन, रंग आणि झाकणाचा प्रकार मागावा. जुन्या दिव्यांना काही वर्षांची ठरावीक मुदत द्यावी, कारण मुदत घातली नाही तर दिवा जुना आहे ही सबब पिढ्यान्‌पिढ्या चालते.

राहता राहिली शेजाऱ्याची तक्रार. तिच्यासाठी दर वेळी मापकयंत्र आणण्याची गरज नाही. जागेच्या हद्दीवर उभे राहून दिव्यातला जळता भाग थेट डोळ्यांना दिसतो का, एवढे पाहिले तरी झाकण आणि कोन बरोबर आहेत की नाहीत, हे बहुतेक वेळा लगेच कळते.